बंदुकीला कुंकू

दीप्तीला जपानमध्ये बंदूक कशाला हवी होती? मेथीसाठी. हसू नका, अगदी खरं सांगतोय.

नवऱ्याच्या, म्हणजे सारंगच्या नोकरीपायी ती पुण्याहून टोक्योजवळच्या ग्योतोकुला आली, तेव्हा तिथे वाळक्या मेथीची पाकिटं मिळायची, पण ताजी जुडी औषधालाही सापडायची नाही. चार मराठी बायका भेटल्या की मेथीच्या भाजीची आठवण काढून सुस्कारे टाकायच्या. दीप्तीचा स्वभाव सुस्कारे टाकणाऱ्यातला नव्हेच. सारंगचं काम बरंचसं घरून व्हायला लागलं, तसं तिने त्याच्यामागे टुमणं लावलं आणि चिबा प्रांताच्या दक्षिणेला, डोंगरउतारावरच्या एका गावात, रिकामं पडलेलं घर भाड्याने घेतलं. घराखाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. गावात सगळी म्हातारी माणसं. कुणीतरी जमीन कसतंय म्हटल्यावर त्यांना केवढा आनंद! पहिल्याच थंडीत दीप्तीने मेथी आणि कोथिंबीर काढली, खोकी भरली आणि ग्योतोकुला पाठवली. तिथे सुचेता नावाची तिची मैत्रीण जुड्या घरोघर पोचवायची. एका आजींनी तर जुडी नाकाला लावून फोनवर रडून घेतलं.

आणि मग आला हियोदोरी. करड्या रंगाचा पक्षी, आपल्या बुलबुलाचा थोरला भाऊ म्हणा. थंडीत फळं संपली की हे कार्टं पालेभाजीवर उतरतं. एकटं नाही, खानदानासकट. सकाळी हिरवंगार असलेलं शेत दुपारी नुसत्या काड्या! दीप्तीने जाळी लावली, तर पाखरं खालून शिरली. चमचमत्या पट्ट्या बांधल्या, तर त्यांवर झोके घेतले. शेवटी सारंगचा ऑफिसचा शर्ट घालून बुजगावणं उभं केलं, तर पाखरं त्याच्या खांद्यावर बसून मेथी चावायला लागली.

"ऑफिसातही माझं असंच आहे," सारंग म्हणाला.

खालच्या शेतात इशिदा-सान होते. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, काठीशिवाय पायरी उतरत नसत. बोलणं जेवणातल्या मिठाएवढं. त्यांच्या मोहरीच्या कोवळ्या फुलांची भाजी बाजारात जायची, तीही हियोदोरी फस्त करायचे. पूर्वी गावात चारपाच बंदुका होत्या, थंडीच्या मोसमात पाखरांना वचक असायचा. म्हातारपण आलं तसं एकेकाने बंदूक परत केली. इशिदा-साननी तर फार पूर्वीच केली होती. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आता ही दीप्ती कॉलेजात एनसीसीची नेमबाज. पॉइंट टू-टूच्या रायफलीने पदक मिळवलेलं. तिने इंटरनेटवर वाचलं की अमेरिकेत शेतकरी लोक याच टू-टूमध्ये गोळीऐवजी बारीक छऱ्यांचं काडतूस घालतात. मोहरीएवढे छरे, आवाज थोडका, मार जवळचा. धान्याच्या कोठारातले उंदीर आणि पाखरं त्याने आवरतात. झालं! ती उत्साहाने शहरातल्या बंदुकीच्या दुकानात गेली आणि तेच मागितलं. दुकानदाराने चहा दिला आणि आपण वहिनी म्हणावं तशा अदबीने सांगितलं, "ओकुसान, ते इथे पाखरांसाठी चालत नाही." मग तिला चारशेदहा दाखवली. छऱ्यांच्या बंदुकीतली सगळ्यात धाकटी, काडतूस करंगळीएवढं. दीप्तीने ती खांद्याला लावून पाहिली आणि तिथल्या तिथे तिच्या प्रेमात पडली.

पण जपानमध्ये बंदूक मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याहून अवघड. जपानीतून लेखी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, नेमबाजीची चाचणी. वर पोलीस घरी येऊन चौकशी करणार. मोरी-सान नावाचे अधिकारी आले होते, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी सारंगला विचारलं, "तुमच्यात भांडणं होतात का?"

"होतात," सारंग म्हणाला, "पण तिला जिंकायला बंदूक लागत नाही."

मोरी-सान हसले नाहीत. मग त्यांनी शेजारी चौकशी केली. इशिदा-साननी एवढंच सांगितलं की ही बाई माझ्या आधी शेतात आलेली असते, आणखी काय पाहिजे? परवाना मिळाला. दीप्ती त्या दिवशी इशिदा-सानना शिऱ्याचा डबा देऊन आली.

दोन थंड्या झकास गेल्या. दीप्ती चारदोन पाखरं पाडायची, बाकीची आवाज ओळखून दुसऱ्या डोंगरावर जायची. मेथी वाचली, खालची मोहरी वाचली. गावातल्या म्हाताऱ्या तिच्या दारात मुळे आणि कोबी ठेवून जाऊ लागल्या. बंदूक भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या कपाटात, किल्ल्या वेगवेगळ्या. तपासणीला आलेल्या मोरी-साननी पण मान डोलावली होती. अशी ही नियमाची पक्की बाई. आणि तिनेच घोळ घातला!

त्याचं काय झालं, दीप्तीच्या वडिलांचा भोसरीला लेथचा छोटा कारखाना होता. खंडेनवमीला यंत्रं बंद, सगळी हत्यारं पुसून मांडायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं. त्या वर्षी सारंग टोक्योला गेला होता. दीप्तीने ओसरीवजा खोलीत पाट मांडला. खुरपं, विळा, कोयता, सारंगचा जुना लॅपटॉप. आणि मनात आलं, जिच्यामुळे मेथी वाचली तिलाच वगळायचं? रिकामी बंदूक कपाटातून काढून तिने पाटावर ठेवली. ओलं कुंकू कालवलं, दस्त्यावर बोट टेकवलं, आणि उठताना पदराचा फटका बसून वाटी लवंडली. लाल ओघळ पाटावरून फरशीवर, थेट दारापर्यंत. आता पुसणारच, तेवढ्यात फोन वाजला. आईचा. घरात आवाज तुटायचा, म्हणून ती बोलत बोलत खालच्या पर्सिमनच्या झाडापाशी गेली. झेंडूही तिथेच होता, म्हटलं बोलता बोलता तोडूही. पायताण दाराशी राहिलं, दार सताड उघडं राहिलं. आणि आयांचे फोन काय लवकर संपतात होय?

ती झेंडू तोडत होती, तेव्हा वरून आरोळी आली.

"दीप्ती-सान! दीप्ती-सान!"

तिने वर पाहिलं. इशिदा-सान धावत येत होते. काठी नाही, टोपी नाही, एकेक पायरी आपटत, एका ठिकाणी तर चक्क बसून घसरत. ज्यांना तिने कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं! झाडाखाली ती ओंजळभर झेंडू घेऊन उभी दिसली, तसे ते थबकले. मग चिखलात मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, पण दीप्तीला अजून कशाचा पत्ता नव्हता. ती आपली फोनवर म्हणतेय, "आई, थांब गं, इशिदा-सान पडलेत वाटतं!"

मग उलगडलं. ते चेस्टनट द्यायला आले होते. हाक मारली, ओ नाही. आत डोकावले तर जमिनीलगत बंदूक, तिच्यावर लाल, फरशीभर लाल, आणि दाराशी तिचं पायताण. त्यांनी तिथूनच पोलिसांना फोन केला आणि तिला शोधत सुटले.

सायरन वाजवत गाडी आली. मोरी-साननी हातमोजे घातले, कुंकवाचा वास घेतला, फोटो काढले. इशिदा-सान पुन्हा पुन्हा वाकून सांगत होते की चूक झाली, माझे डोळे म्हातारे झालेत, हे सगळं नाही झालं असं समजा. मोरी-सान म्हणाले, "तुमचं बरोबरच होतं." दीप्तीकडे वळून म्हणाले, "कुलपाबाहेर बंदूक, दार उघडं, घरात माणूस नाही." दीप्तीची मान खाली. शब्दन् शब्द खरा होता. बंदूक गाडीत गेली. परवाना रद्द झाला तर पुन्हा कित्येक वर्षं अर्जही करता येणार नव्हता, आणि मोसम तोंडावर आलेला. पण तिला खरी खात होती ती दुसरीच गोष्ट. ज्या गावाने आपल्यासाठी शब्द टाकला, त्या गावाला आपण मान खाली घालायला लावली.

सारंग परत आला तो भडकलेलाच. "आधी तुला एक फोन करायला काय झालं होतं त्या म्हाताऱ्याला!"

"फोन आईबरोबर गुंतला होता," दीप्ती म्हणाली. "आणि खबरदार, त्यांना म्हातारा म्हणालास तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी इशिदा-सान दारात उभे. कमरेत वाकलेले, मान वर करेनात. दीप्तीने हाताला धरून आत आणलं, आल्याचा चहा दिला. कप खाली ठेवून ते बोलले. त्यांचा धाकटा भाऊ होता, शिकारी. बायको गेल्यावर गप्प झाला. एका दुपारी इशिदा-सान त्याच्या घरावरून गेले, हाक मारली, ओ आली नाही. झोपला असेल म्हणून पुढे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात त्यांनी आपली बंदूक परत केली.

"त्या दिवशी मी आत गेलो नाही," ते म्हणाले. "म्हणून काल गेलो."

दीप्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सारंग उठून आत गेला आणि उगाचच भांडी घासत बसला. परक्या मुलखात आपल्यासाठी कुणी मोडक्या गुडघ्यांनी डोंगर उतरून धावेल, हे तिला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तिच्या सख्ख्या चुलत्यांनी तरी धाव घेतली असती का, देव जाणे.

पोलिसांनी खुलासा द्यायला बोलावलं. सारंग आयटीतला माणूस, त्याने रात्रंदिवस खपून स्लाइडा केल्या. मोरी-सानच्या समोर पांडवांपासून सुरुवात. वर्षभराच्या अज्ञातवासात त्यांनी शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली, विजयादशमीला काढली, म्हणून आम्ही पूजा करतो.

मोरी-साननी लिहिता लिहिता मान वर केली. "वर्षभर झाडावर? कुलूप होतं का?"

"नाही, पण तिथे प्रेत टांगलंय असं सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून कुणी जवळ..."

दीप्तीने टेबलाखालून सणसणीत लाथ घातली. पोलीस ठाण्यात, याच प्रकरणात, प्रेताचं नाव! तिने लॅपटॉप मिटला आणि सरळ सांगितलं, "मोरी-सान, पूजा हे कारण आहे, सबब नाही. चूक माझी आहे. हत्याराचा मान ठेवायला गेले आणि त्याचं भय विसरले. पुन्हा होणार नाही."

निर्णय लांबला. मोसम उघडला आणि हियोदोरी आले. पहिल्याच सकाळी दीप्ती थाळी बडवत शेतात गेली, तर वरच्या बांधावर कुणीतरी आधीच डबा वाजवत होतं. इशिदा-सान. पलीकडे दोघी आज्या चादरी झटकत उभ्या. त्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या, दीप्तीला न विचारता. अर्धी मेथी गेली, पण अर्धी राहिली. सुचेताने जुड्या छोट्या केल्या, ग्योतोकुत कुणी चकार शब्द काढला नाही.

डिसेंबरात मोरी-सान स्वतः आले, बंदूक घेऊन. कडक समज दिली, माफीपत्र घेतलं, कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. निघताना दाराशी घुटमळले.

"इशिदा-सान आठवड्यातून दोनदा बसने ठाण्यात यायचे. मी विचारलं, शेजारी पुन्हा बंदूक चालेल का तुम्हाला? ते म्हणाले, 'बंदूक द्या किंवा देऊ नका. पण ही माणसं गावातून जायला नकोत.'"

दीप्तीने हात जोडले, आणि इस्त्रीच्या चेहऱ्याच्या त्या माणसाने चक्क उलट हात जोडले.

तेव्हापासून एक रीत पडली. रोज सकाळी इशिदा-सान रस्त्यावरून हाक मारतात आणि दीप्ती असेल तिथून मराठीत खणखणीत "ओ!" देते. ओ आली नाही तर ते आत येतात. एकदा ती न्हाणीत होती, तेव्हा काय गोंधळ झाला ते सारंगला विचारा.

पुढच्या खंडेनवमीला बंदूक कुलपातच राहिली, कुंकू पोलादी कपाटाच्या दाराला लागलं. पाटावर खुरपं, विळा, कोयता. इशिदा-सान हाक मारून, ओ घेऊन आत आले. गुंडाळलेल्या फडक्यातून त्यांनी एक जुना विळा काढला. भावाचा. धार लावून चकचकीत केलेला. पाटावर ठेवला आणि दीप्तीचं लाल बोट टेकेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," दीप्ती म्हणाली. "एक राहिलंय. बसा तुम्ही."

ते कुरकुरत खुर्चीत बसले. तिने कुंकवाची वाटी उचलली, या वेळी दोन्ही हातांनी, जपून. त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या धुवट पँटवरून आधी उजव्या, मग डाव्या गुडघ्याला बोट टेकवलं. मग वाकून पाया पडली.

इशिदा-सान लाल डागांकडे बघत राहिले. "धुतल्यावर जातं का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही जात," दीप्ती म्हणाली.

"बरं झालं," ते म्हणाले.