वळकटीची गाठ

परदेशी जायचं ठरलं तेव्हा मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. इथिओपियातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं, दोन वर्षं. पत्र्याची पेटी रंगवून घेतली, सुया टोचून घेतल्या, वर्ध्याच्या शिंप्याकडे कोट टाकला. हे सारं दुसऱ्याच कोणाचं चाललंय, असं वाटत राहिलं.

माय मागे सिंदीत एकटीच राहणार होती. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. मी बोलू दिलं नाही, हे जास्त खरं.

आदल्या वर्षीच आम्ही बौद्ध झालो होतो. भिंतीतल्या देवळीतले देव मीच उचलून नदीत सोडले होते आणि घरोघर फिरून वस्तीला समजावलं होतं. कुंकू, ओवाळणं, नारळ, सगळं बंद. मायनं ते मानलं. पण निघणाऱ्याच्या कपाळाला घरच्या कुंकवाचं बोट लागलं नाही तर तो परतत नाही, एवढी एक भीती तिच्या मनातून गेली नव्हती.

निघायच्या सकाळी शेजारची मावशी दारात येऊन बसली.

"इंग्रज गेले, न् त्यायची भाषा शिकवाले हा बोटीत बसून चालला! आपल्या सिंदीतल्या पोट्ट्यायले आली का थे?"

मी हसलो. माय हसली नाही. सवयीनं ती देवळीकडे वळली आणि थबकली. तिथे आता माझा दाढीचा आरसा होता. तशीच रिकाम्या हातानं माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता काय करतेत रे निघणाऱ्याले? तू सांग. तुले सारं माहीत राह्यते."

सकाळी वंदना झाली होती, पण ती रोजचीच. काय सोडायचं ते मी सगळ्यांना सांगितलं होतं. त्याच्या जागी काय, हे मलाच माहीत नव्हतं.

"काही नाई करत, माय."

ती खाली बसली. मी बांधलेल्या वळकटीची दोरी तिनं सोडली आणि गुडघा रोवून पुन्हा आवळली, कडब्याची पेंडी बांधतात तशी.

"येजो," एवढंच म्हणाली.

बोटीवर अंथरूण सोडायला बसलो तर गाठ सुटेना. शेजारच्या प्रवाशानं चाकू दिला. मी दोरी कापली. काहीच वाटलं नाही. तुकडे उचलले तेव्हा दिसलं, गाठ तशीच होती.

तिचं काय करतात, तेही मला माहीत नव्हतं. कोटाच्या खिशात टाकली.