आधी फटफटी, मग मोटर

"आधी पड, मंग शिक." हे बोलताना तो मिशीवरून बोट फिरवी. स्वतःवर असा खूश माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचा हा गोंदियाच्या एका धानगिरणीत शेठचा ड्रायव्हर होता. लढाईतली एक भंगार फटफटी त्याने घेतली होती आणि तिच्यावर राजासारखा बसे.

माझे घरधनी त्याच गिरणीत पोती वाहत. पाठ पार गेली होती. शेठ म्हणाले, "मोटर सीख ले, बोरा छूट जाएगा." शिकवणार कोण? तर हा. त्याने महिनाभर मोटरीला हातच लावू दिला नाही. नुसती फटफटी. हे रोज कोपर-गुडघे सोलून येत. मी हळद भरायची आणि मनात त्याला शिव्या द्यायची. तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती.

"मोटर कवा देता जी?" एकदा यांनी विचारलं.

"मोटरीत बसला का मानूस आंधरा होते. फटफटीवर गोटा दिसते, शेन दिसते."

शेण बघायला शिकवणारा गुरू!

शेवटी मार्गशीर्षात एका सकाळी यांनी मोटर चालवायला घेतली. सडक अर्जुनीला जायचं होतं. शेठ मागे, शेठाणीच्या सोबतीला मी, आणि यांच्या शेजारी तो. आमच्याकडे धानाच्या पेंढ्या सडकेवर पसरतात, मोटरी वरून गेल्या की आपोआप मळणी होते. सगळे ड्रायव्हर बेधडक जातात. यांनी मात्र गाडी थांबवली.

"अरे, रुका क्यों?" शेठ ओरडले. मला वाटलं, आता पुन्हा पोती.

"तनशीवर चाक घसरते, शेठजी. खाली काय हाये, दिसत नाही."

उतरून यांनी तनीस, म्हणजे तो पेंढा, बाजूला सारली. आत राखणीचा म्हातारा थंडीने गुरफटून झोपला होता.

संध्याकाळी तो ड्रायव्हर गिरणीभर सांगत फिरला, "म्या शिकवलं!" इतका हलका माणूस.

महिन्याभरात शेठने त्याला काढलं. गाडी एकच, दोन ड्रायव्हर कशाला? मला बरंच वाटलं. तेव्हा हे म्हणाले, "त्याले पयलेच माहीत होतं, नोकरी जाते म्हून."

"मंग शिकवलं कायले जी?"

हे उठून बाहेर गेले.

तो रायपूरकडे निघाला होता. आमच्याच दारासमोर त्याची फटफटी बंद पडली आणि हे मागून ढकलू लागले. चुलीवर भात तयार होता. जेवून जा, एवढंच म्हणायचं होतं. मी दाराची कडी धरून उभी राहिले, आणि फटफटी सुरू झाली.