राउंडच्या आधी बदललेली चादर

धायरीजवळच्या त्या हॉस्पिटलनं मला पहिली नोकरी दिली. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. तालुक्याच्या शाळेतून येऊन पुण्यात नर्स झाले, याचे उपकार मी आजही मानते. पण तिथल्या एका दुपारचा राग अजून गेलेला नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती. डॉक्टरांच्या राउंडआधी बाळंतिणीची चादर बदलायची, रक्ताचे पॅड उचलून टाकायचे. आयटीतली मंडळी मोठं बिल भरतात, त्यांच्या नातेवाइकांना डाग दिसता कामा नये, असं मेट्रनबाईंचं म्हणणं. मी हे काम मन लावून करायचे. नीटनेटकी म्हणून माझं कौतुकही व्हायचं.

त्या दिवशी एक पहिलटकरीण बाळंत होऊन तास झाला होता. मी दोनदा चादर बदलली. पॅड किती टाकले, ते मोजलं नाही. डॉक्टर आले, रक्तस्राव किती म्हणून विचारलं. थोडा जास्त वाटतो, असं मी म्हटलं. त्यांनी पांढऱ्याशुभ्र चादरीकडे पाहिलं आणि पुढच्या खोलीत गेले. पाहण्यासारखं आम्ही काही ठेवलंच नव्हतं.

वीसेक मिनिटांनी ती पुटपुटली, "सिस्टर, पंखा बंद करा ना, गारठले मी."

पंखा बंदच होता. नाडी हाताला लागेना. गर्भाशय आवळणारं इंजेक्शन तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानात, फ्रिजमध्ये. चिठ्ठी घेऊन तिचा नवरा पळाला, तर रांगेत त्याच्यापुढचा माणूस खोकल्याचं औषध बदलून मागत होता. रक्त शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचं होतं. ती वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं.

नंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं की पेशंट मुळातच अशक्त होती. मी उठून म्हटलं की पॅड टाकू नयेत, त्यांचं वजन करावं, म्हणजे रक्त किती गेलं ते कळेल. आणि ते इंजेक्शन प्रसूतिगृहातच ठेवावं.

"काटा मांडायला ही मंडई आहे का?" मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला इथे नोकरी कोणी दिली, तेवढं लक्षात असू द्या."

मी खाली बसले. त्या खाली बसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते. उपकार माझ्यावर होते. त्यांची किंमत त्या मुलीनं का द्यायची?

टाके काढायला ती आली, तेव्हा नवऱ्यानं पेढे पुढे केले. "तुम्ही होतात म्हणून वाचली, सिस्टर." मला पेढा घेववेना. चादर मीच बदलली होती, दोनदा, आणि डॉक्टरांना काही दिसू दिलं नव्हतं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं पेढ्यांचा पुडा बंद करून बाजूला ठेवला. मग त्यानं विचारलं, "तक्रारीसाठी हे लिहून द्याल?"

दिलं. महिन्याभरात मला दुसरी नोकरी शोधावी लागली. पुढे तिथल्या आयाबाई भेटल्या, तेव्हा कळलं की प्रसूतिगृहात काटा आलाय, छोटा फ्रिजही आलाय. एका दुपारीत आणता आल्या असत्या अशा दोन वस्तू.