शाई न उतरणारा पेन

नोकरीतले बरेच गुन्हे आता पुसट झाले आहेत, पण गुढियारीतली मृत्युपत्राची ती घटना मी विसरलेलो नाही. तेव्हा मी तिथल्या ठाण्यात निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी आटोपत असताना एक वयस्कर बाई आल्या. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी वारले होते. आता यजमानांच्या हातचं म्हणून त्यांच्या भाच्याने एक मृत्युपत्र पुढे केलं होतं. त्यात राहतं घर त्याच्या नावे होतं आणि तारीख यजमान वारण्याच्या चार दिवस आधीची होती.

"अक्षर यांच्यासारखंच दिसते, साहेब," बाई म्हणाल्या. "पण तो म्हणते, मामानं आपल्या जुन्या पेनानं लिहिलं. तो पेन तर किती वर्षांपासून बंद हाय. शाईच उतरत नाही."

भाच्याला बोलावलं. पेन त्याने स्वतःच काढून दिला. "मामीले काय माहीत? मामानं माझ्यासमोर पेन धुतला, शाई भरली अन् एका बैठकीत पान लिहिलं. मग पुन्हा अडला असंल."

न विचारलेला तपशील माणूस आपणहून देऊ लागला की माझे कान टवकारतात. पण तो काही पुरावा नव्हे. हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवाल यायला काही महिने लागणार होते.

पंडरीच्या कापड बाजारात एक बाई जुने पेन दुरुस्त करत. वडिलांचंच दुकान त्या चालवत होत्या. न्यायालयाची परवानगी घेऊन, दोन पंचांसमोर पेन त्यांच्या हाती दिला. हवालदार मोबाईलवर चित्रण करत होता.

त्यांनी आधी निब भिंगाखाली पाहिलं, मग पाण्यात धरलं. पाण्याला रंग आला नाही. शाई भरण्याचा खटका हलेना. मी हात पुढे केला.

"जोर काहून लावून राहिले, साहेब? तुटंल ना!"

सांध्याला बेताची ऊब देत त्यांनी पेन उघडला. आतली रबरी नळी पापडासारखी तुकडे होऊन कागदावर पडली.

"यात शाई भरताच येत नाही. रबर असं व्हायला वर्षं लागतात, दोन महिन्यांत नाही होत."

"आणि दौतीत बुडवून लिहिलं असेल तर?"

त्यांनी निब बुडवून लिहून दाखवलं. चार शब्द गडद, पुढचे फिके, मग कोरडं. मृत्युपत्राचं पान मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं होतं.

ते तुकडे मी भाच्यासमोर ठेवले. "शाई कुठे भरली, ते दाखव."

त्याने पाणी मागितलं, पण प्यायला नाही. दुपारी त्यानेच आम्हाला उरला वस्तीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर नेलं. मामाचं अक्षर गिरवलेले कागद आणि एक नवा शाईचा पेन पंचांसमोर जप्त केला. पुढे तज्ज्ञांचा अहवालही अक्षर बनावट असल्याचाच आला. बाईंचं घर वाचलं.

जबाब लिहिताना मी पेनवाल्या बाईंना म्हणालो होतो, "दहा वर्षांपासून बंद, असं लिहू या."

"रबर जुनं झालं, इतकंच मले दिसते. दहा का पंधरा, ते मी नाही सांगणार."

तेव्हा मला रागच आला. पण साक्षीच्या दिवशी बचावाच्या वकिलांनी त्यांना तासभर उलटसुलट विचारलं आणि त्यांचा एक शब्द हलला नाही. माझी ती दहा वर्षं जबाबात असती, तर वकिलांनी तिथेच बोट ठेवलं असतं.

मी भली भली माणसं साक्षीला उभी राहिलेली पाहिली आहेत. आपल्याला किती माहीत नाही हे इतक्या ठामपणे सांगणारी तीच एक. त्यानंतर पंचनाम्यावर सही करण्याआधी मी प्रत्येक ओळ पुन्हा वाचू लागलो: हे मी पाहिलं, की मला पाहायचं होतं?