ओवाळणीत रक्त

"हे आमच्या माहेरचं नाही," असं म्हणून माझी शेजारीण हनुवटी पुढे काढायची. पोरगं नापास झालं, तर सासरचं डोकं. पोरीचे दात चांगले, ते माहेरचे. राळेगावात आम्हा दोघींच्या घरांत एकच भिंत. त्यामुळे तिच्या माहेरचे गुण मला रोज ऐकावे लागत. अशी एक तुमच्याही शेजारी असेलच.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरच. नागपूरला ऑपरेशन झालं. तिची आई छातीच्या कॅन्सरने गेली होती, मोठी बहीण अंडाशयाच्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि नंतर सांगितलं, जन्मापासूनच तुमच्या जीनमध्ये दोष आहे, आईकडून आलेला दिसतो. मी सोबत होते.

"कसा येईन? माह्यं तं लगन झालं. गोत्र बदललं!"

"गोत्र बदलतं हो, रक्त नाही. भावांनाही तपासून घ्यायला सांगा. बापाकडूनही हा मुलींना जातो."

परतताना वर्ध्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. माझी छान झोप झाली.

भाऊबीजेला मुकुटबनहून तिचे तिघे भाऊ आले आणि मिश्या पिळून पाटांवर बसले. तिघांनाही पोरी. ऑपरेशनपासून तिचा हात नीट वर जात नव्हता, म्हणून ताटाला मी आधार दिला होता. पण ती ओवाळेचना.

"साडी नको मले. रक्त द्या, तपासाले."

थोरला हसला. "हे बायकायचं दुखणं हाये, बाई. आम्हाले कायची छाती?"

"मंग सदऱ्यात काय टमाटे हायेत?"

मधला म्हणाला, "पोरीयची लग्नं व्हायची हायेत. गावभर बोभाटा होईन."

"माय अन् अक्का लग्न झालेल्याच होत्या. वाचल्या का?" मग ती हळूच म्हणाली, "हे आपल्याच घरचं हाये रे."

ताट काही तिने पुढे केलं नाही. आत पुऱ्या थंड होत होत्या. शेवटी धाकटा म्हणाला, "दे न दादा रक्त. भूक लागली."

सुई पाहून थोरलाच आडवा झाला. दोष त्याच्यात निघाला, त्याच्या मोठ्या पोरीतही. ती पोरगी आता न चुकता तपासणीला जाते. धडधाकट आहे. हिची स्वतःची पोरगी त्या दोषातून सुटली.

ही मात्र गेली. रोग उलटला होता.

तेरवीच्या पंगतीत थोरला वरणाची बादली घेऊन फिरत होता. प्रत्येक पानापुढे थांबून विचारायचा, "तुमच्या घरी माय, मावशी, आत्या, कोणाले अशी गाठ होती का?"

"आधी वाढ न बाप्पा," लोक म्हणत.

माझ्यापुढे आला. मी म्हटलं, "माही माय साप चावून मेली. वाढ."

"अन् मावशी?"

पळी हातात धरून तो तसाच उभा. मावशीचं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या भातावर वरण पडलं.