कोरमपुरती बाई

बायकांच्या राखीव जागा आल्या तेव्हा मी ग्रामपंचायतीची मेंबर झाले. चौथी शिकलेली आणि चारचौघांत तोंड न उघडणारी, म्हणूनच मला उभं केलं होतं. सभेची वही घरी यायची. भाकरीचा हात पुसून मी सही करायची.

मग हापसा मंजूर झाला. आमच्या गल्लीतल्या बायका तीर्थपुरीच्या रस्त्यावरच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. सरपंचांना मात्र हापसा त्यांच्या गोठ्याजवळ पाहिजे होता. सभेच्या दिवशी काही मेंबर लग्नाला गेलेले. नवरा पळत घरी आला.

"चल जल्दी. कोरम भरंना झालाय, आन् तालुक्याचा साहेब येऊन बसलाय."

"कोरम म्हंजी?"

"माणसं पुरी लागतात सभेला. तू नुसतं बसायचं."

बसले. हापशाचा विषय निघाला, पण मला बोलता येईना. मग मी पदर सावरला, उठले आणि बाहेर चालू लागले.

"वहिनी, बसा की. चहा सांगितलाय," सरपंच म्हणाले.

मी थांबले नाही. मागून कोणीतरी बोललं, "बोलता येत न्हाई, उठता बराबर येतं."

कोरम मोडला, सभा तहकूब झाली.

लेक जालन्याला कॉलेजात होती. तिनं तो शब्द डिक्शनरीत पाहिला. मूळ लॅटिन, अर्थ 'ज्यांच्यापैकी'. जुन्या काळी इंग्लंडात न्यायाधीश नेमताना हुकमात काही जणांची नावं घालून लिहायचे, की यांच्यापैकी एक तरी हजर पाहिजे, त्याशिवाय काम चालणार नाही.

"म्हंजी आई, हा मुंडकी मोजायचा शब्द नव्हता. नाव घेऊन बोलवायचा होता."

मला तर नाव घेऊन कोणीच बोलावलं नव्हतं.

पुढच्या सभेला निघाले तर नवरा म्हणाला, "आता कशाला? तहकूब सभेला कोरम लागत न्हाई."

"लागत न्हाई ना? मंग तर जातेच."

सरपंच हसले. "वहिनी, आज तुमची गरज नव्हती."

"मला हाय," मी म्हणाले. "हापसा गल्लीत पाहिजे. माझा विरोध नावासकट लिवा."

लिहिला. तरी हापसा गोठ्याजवळच झाला. पहिल्या सकाळी मी घागर घेऊन तिथं गेले. सरपंचांची आई ओट्यावरून म्हणाली, "इथं कुठं आलीस? ही आमची जागा."

"जागा तुमची, आत्याबाई. हापसा गावाचा हाय."

दांडा जड होता. घागर भरेपर्यंत गल्लीतल्या बायका माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.