हरला तो घरी

उंब्रजमध्ये हंबीररावांना मेजर म्हणतात. फौजेतून ते नाईक म्हणून निवृत्त झाले, ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही. या भागात पेन्शन घेऊन परतलेला प्रत्येक माणूस गावाच्या लेखी मेजरच असतो. गावाचं हे अडाणी कौतुक हंबीररावांना मनातून तुच्छ वाटतं. पण मेजर म्हणून हाक आली की ते वळून बघतात.

तुच्छ मानण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नाही. हायवेच्या कडेच्या टपरीवर सकाळी चहा घेऊन बसले की सुरुवात क्रिकेटपासून. "पाच-पाच दिवस खेळत्यात आन् शेवटाला निकाल न्हाई. ह्यापरीस म्हसरं राखल्याली बरी." मग पाळी पुढाऱ्यांची. निवडणुकीत पडलेला माणूस पुढच्या महिन्यात कुठल्यातरी मंडळावर अध्यक्ष म्हणून बसलेला दिसतो, त्याचं काय करायचं? मग पाळी शाळांची. तिथं म्हणे आता कुणाला नापासच करत नाहीत. या साऱ्याचं मूळ एकच, असं त्यांचं ठाम मत होतं. हरलेल्याला घरी पाठवायची धमक आता कुणात उरलेली नाही.

ती धमक त्यांनी एकाच ठिकाणी पाहिली होती, ड्युरंड कपात. ऐन विशीत दिल्लीला पोस्टिंग असताना त्यांना त्या स्पर्धेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम लागलं होतं. तेवढ्या भांडवलावर माणूस चाळीस वर्षं बोलतोय. टपरीवरचं कपबशा विसळणारं पोरसुद्धा ती कथा झोपेत सांगेल, की अठराशे अठ्ठ्याऐंशीला सिमल्याकडच्या डोंगरात इंग्रज साहेबानं हा कप चालू केला, सुरुवातीला गोऱ्या पलटणीच आपसात खेळायच्या, आणि आपल्या माणसांच्या हाती तो यायला एकोणीसशे चाळीस साल उजाडावं लागलं. तेव्हा कलकत्त्याचं मोहमेडन स्पोर्टिंग जिंकलं, तेही दिल्लीत, गोऱ्यांच्या नाकावर टिच्चून.

"पर खरी गंमत ती न्हवं," हंबीरराव बशीतला चहा फुंकत म्हणत. "गंमत ही, की हरला की ट्रंक उचलायची आन् गाडी धरायची. रडगाणं न्हाई, वशिला न्हाई. आन् जिंकला त्याला तीन कप. दोन फिरते, ते वर्सानं परत द्यायचे. तिसरा राष्ट्रपतींचा, त्यो कायमचा."

या कथेला एक काळा डागही होता. ब्याऐंशी साली अंतिम सामना सुटता सुटेना. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, दोन्ही एकाच कलकत्त्याचे. शेवटी दोघांना मिळून विजेते ठरवलं. हंबीरराव तेव्हा चुन्याची बादली घेऊन कडेला उभे होते, आणि तो अपमान जणू त्यांच्या रेघांचाच झाला होता. "कप काय भाकरी हाय व्हय, मोडून दोघांत वाटायला?" एवढं म्हणून ते थुंकत. आणि अलीकडे तर त्या स्पर्धेत गट पाडतात, गटात एखादा सामना हरलेलाही पुढे जाऊ शकतो, हे कळल्यापासून त्यांनी दिल्ली-कलकत्त्यावरही पाणी सोडलं होतं. अस्सल बाद पद्धत आता जगात एकाच ठिकाणी उरली होती. उंब्रजला.

उंब्रजचा कप त्यांनीच सुरू केला होता. यात्रा कमिटीचा अध्यक्ष मानसिंग हा जुना पैलवान. नदीकाठचं यात्रेचं मैदान त्याच्या ताब्यात, म्हणून त्याला बरोबर घ्यावं लागलं. पहिल्याच वर्षी त्यानं कुस्त्यांच्या जोड्या लावाव्यात तशा संघांच्या जोड्या लावून आणल्या, वजनदार संघासमोर वजनदार, हलक्यासमोर हलका. हंबीररावांनी त्याला चारचौघांत सोलून काढला आणि दुधाच्या किटलीत चिठ्ठ्या टाकून त्या उचलायला लावल्या. बक्षीस म्हणून कमिटीनं कराडहून आणली ती गदा. फुटबॉलला गदा बघून हंबीररावांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण दुकानदार परत घेईना. तेव्हापासून तीच फिरते. राष्ट्रपतींच्या कपाची जागा मात्र त्यांनी स्वतः भरून काढली होती. जिंकलेला संघ त्या संध्याकाळी मेजरांच्या अंगणात मटण-भाकरी जेवून जायचा. हरलेल्या संघाला ते मैदानाच्या फाटकापाशी उभे राहून रस्ता दाखवत. "हरला तो घरी," एवढंच म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा.

हेच वाक्य त्यांनी स्वतःच्या मुलालाही ऐकवलं होतं. विश्वजीत फौजेच्या भरतीसाठी कोल्हापूरला धावला तेव्हा हंबीरराव कुंपणाबाहेर उभे होते. शेवटच्या फेरीत पोराचा पाय मुरगळला, तो गुडघा धरून खाली बसला आणि मागची पोरं त्याला ओलांडून गेली. कुंपणाला टेकलेली माणसं हसली. परतीच्या वाटेवर विश्वजीतनं बापाचे पाय धरले, वयात बसतंय तोवर आणखी एकदा पळू द्या म्हणाला. हंबीरराव म्हणाले, आपल्या घरात दुसरी फेरी नसते. त्यानंतर त्यांनी पोराशी बोलणं टाकलं. महिनाभरानं विश्वजीतनं कपडे पिशवीत भरले आणि सांगलीला जाऊन कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. आईशी तो फोनवर बोलायचा. घराचा उंबरा त्यानं पुन्हा ओलांडला नाही.

यंदा किटलीतून कुपवाडची चिठ्ठी निघाली तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सामन्याच्या सकाळी मोटारसायकलींचा ताफा मैदानात शिरला. कारखान्यांतली पोरं, एकेका गाडीवर तिघं-तिघं. सगळ्यात मागच्या गाडीवरून गोलकीपरचे हातमोजे कमरेला खोचलेला विश्वजीत उतरला. हंबीररावांनी त्याला पाहिलं आणि ते शेजारच्या माणसाला क्रिकेटच्या नावानं शिव्या घालायला लागले.

कुपवाडनं पहिला सामना काढला, दुसराही काढला. विश्वजीत गोलसमोर दार लावून घेतल्यासारखा उभा राहायचा. अंतिम सामना ठरला उंब्रज आणि कुपवाडचा, आणि त्या सकाळी हंबीररावांची बायको बनुबाई, जिनं इतक्या वर्षांत फुटबॉलबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, ती चुलीपुढून म्हणाली, "आवं, कुपवाड जिंकलं तर ती पोरं हितंच जेवनार न्हवं?"

"नेम हाय त्यो," हंबीरराव म्हणाले.

"मग मटन जरा जास्तीच आणा," बनुबाई म्हणाली. एवढं बोलून तिनं माळ्यावरचं विश्वजीतचं ताट काढलं आणि राखेनं घासायला घेतलं. पोरगं जिंकणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. हंबीररावांना होती. आयुष्यभर बाद पद्धतीचे गोडवे गाणारा माणूस त्या दिवशी मैदानाकडे जाताना पहिल्यांदाच घाबरला होता. हरला तो घरी, आणि या पोराचं घर कुपवाडला होतं.

सामना चिवट झाला. उंब्रजच्या सयाजीनं आधी गोल केला, मध्यंतरानंतर कुपवाडनं तो फेडला. मग दोन्हीकडून नुसती धडपड. जादा वेळही सरला. अगदी शेवटी सयाजीनं जवळून फटका मारला, विश्वजीतनं अंग झोकून तो बाहेर काढला आणि उठताना डावा हात झटकायला लागला. मोजा काढून त्यानं बोटं बघितली, पुन्हा मोजा चढवला. आता पेनल्टी. पंचगिरी करायला कराडचे ऋषिराज मास्तर आले होते. त्यांनी चेंडू काखेत घेतला आणि सवयीनं हंबीररावांकडे बघितलं.

तेवढ्यात फेटा सावरत मानसिंग मैदानात उतरला. त्याची ही दरवर्षीची हौस. यात्रेच्या मैदानात दोन पैलवान झोंबून दमले आणि कुणाचीच पाठ लागेना, की पंच मध्ये पडतात, दोघांचे हात वर करतात, इनाम निम्मं निम्मं वाटतात. कुणाचं गाव दुखावत नाही. हंबीररावांनी ही रीत जन्मभर तोंडभरून हिणवली होती.

"मेजर, बरोबरीत सोडवू या," मानसिंग म्हणाला. "गदा सा म्हयनं हितं, सा म्हयनं तिकडं. दोनी गावं खूश."

सारं मैदान हसलं, कारण पुढं काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. आता मेजर मानसिंगची सालटी काढणार. लोक त्यासाठी पुढे सरकलेसुद्धा.

हंबीररावांची नजर विश्वजीतच्या डाव्या हातावर होती. त्यांना तिथं मोजा दिसत नव्हता, कोल्हापूरच्या मैदानात धरलेला गुडघा दिसत होता. एकामागून एक पाच गोल जाणार, गाव हसणार आणि पोरगं फाटकातून निघून जाणार. बरोबरी झाली तर मात्र दोन्ही संघ विजेते, आणि दोन्ही संघ जेवायला घरी. कुणाला काही मागायला नको, कुणापुढे वाकायला नको. असला सोपा हिशेब त्यांना आयुष्यात कधी सुचला नव्हता.

"सोडवा बरोबरीत," ते म्हणाले.

क्षणभर कुणाला खरं वाटलं नाही. मग हलगी वाजायला लागली, मानसिंगनं दोन्ही कप्तानांचे हात धरून वर केले, आणि ऋषिराज मास्तरांनी चेंडू जाळीच्या पिशवीत टाकला. हंबीररावांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

विश्वजीत मोजे काढत सरळ त्यांच्यासमोर आला.

"आबा, पेनल्टी का न्हाई?"

"उजेड गेलाय," हंबीरराव म्हणाले. ऊन अजून पलीकडच्या उसाच्या तुऱ्यांवर होतं. "आन् तुझा हात..."

"हात माझा हाय. मी तक्रार केली व्हती?"

हंबीररावांनी गदेकडे बोट केलं. "तुमी पन जिंकलायसा आता. घरला चला समदी. आईनं सैपाक केलाय."

विश्वजीतनं त्यांच्याकडे जे बघितलं, ते बघणं हंबीररावांच्या ओळखीचं होतं. टपरीवर बसून ते स्वतः रोज जगाकडे असंच बघत.

"कोल्हापूरला मी तुमचं पाय धरलं व्हतं," विश्वजीत म्हणाला. "तवा म्हणला, दुसरी फेरी नसती. ऐकलं मी. वाटलं, बाप कडू हाय, पर बोलल्यालं पाळतोय. तेवढ्यावर इतकी वर्सं काढली. आज मी काय मागितलं बी न्हाई, आन् तुमी नेम मोडला. का? तर मी अडवीन असं तुमाला वाटलंच न्हाई."

"तसं न्हवं रं..."

"तसंच हाय. तवा लोकं हसली म्हणून मला टाकलं, आज हसतील म्हणून झाकलं. निस्तं भितरं हायसा तुमी, आबा. असली गदा आमाला नगं. आमी हरलो म्हणा." तो गाडीकडे वळला. "आन् हरला तो घरी."

मोटारसायकली एकामागून एक फाटकातून बाहेर पडल्या. हंबीरराव फाटकापाशीच उभे होते, दरवर्षीसारखे. रस्ता मात्र कुणी विचारला नाही.

संध्याकाळी उंब्रजचा संघ त्यांच्या अंगणात जेवला. पोरांनी रस्सा ओरपला, मानसिंग तर तिसऱ्यांदा वाढून घेऊन फुटबॉल हा कसा कुस्तीसारखाच खेळ आहे ते सांगत बसला. त्याला गप्प करायला कुणी नव्हतं. गदा दारामागं टेकवून ठेवली होती आणि आत-बाहेर करणाऱ्याच्या पायात येत होती.

सगळे गेल्यावर हंबीरराव चुलीपुढे पाटावर बसले. बनुबाईनं घासूनपुसून लख्ख केलेलं विश्वजीतचं ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यात अर्धी भाकरी होती, वाटीत अर्धाच रस्सा. रश्शाची तवली शेजारी झाकून ठेवलेली, अजून भरलेली.

हंबीररावांनी वर बघितलं.

"बरोबरीत सुटलंय न्हवं?" बनुबाई म्हणाली. "मग निम्मंच तुमचं."

त्यांनी ते निम्मं निमूट खाल्लं आणि आणखी मागितलं नाही.